विद्युतचुंबकीय लहरी नेमक्या कशा निर्माण होतात आणि पोकळीतून पुढे कशा जातात?

दोलक

विद्युतचुंबकीय लहरींविषयी जे सोपे लेखन उपलब्ध असते, त्यात एक वाक्य जवळपास ठरलेले असते: बदलत्या विद्युत क्षेत्रामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युत क्षेत्र निर्माण होते आणि ही दोन क्षेत्रे एकमेकांना जन्म देत पुढे सरकतात. हे वाक्य चूक नाही, पण तेवढ्यावर थांबले की मूळ प्रश्न तसाच राहतो. ही साखळी मुळात सुरू कोणी केली? प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला जोडलेल्या कपॅसिटरच्या दोन पट्ट्यांमध्येही विद्युत क्षेत्र सतत बदलत असते. मग त्याच्यातून म्हणण्यासारखी लहर का निघत नाही आणि तीच मांडणी उलगडून अँटेना केली की का निघते? या प्रश्नांवर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे असे, की लहरीचा उगम शोधायचा असेल तर आधी प्रभाराकडे पाहावे, क्षेत्रांकडे नंतर. स्थिर प्रभार लहर सोडत नाही. निर्वातात एकसमान वेगाने सरळ जाणारा प्रभारही सोडत नाही, आणि हे पटण्यासाठी फारसे गणित लागत नाही. त्याच्याबरोबर त्याच वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाला तो स्थिरच दिसतो आणि भौतिकीचे नियम दोघांनाही सारखेच लागू असतात. तेव्हा एकाला लहर मिळावी आणि दुसऱ्याला मिळू नये, असे होऊ शकत नाही. लहर निघते ती प्रभाराचा वेग किंवा दिशा बदलते तेव्हा, म्हणजे त्याला त्वरण मिळते तेव्हा.

त्वरणच का, याचे जे. जे. थॉमसन यांनी मांडलेले चित्र मला आजही सर्वांत स्वच्छ वाटते. एक प्रभार स्थिर आहे आणि त्याच्या बलरेषा (विद्युत क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या काल्पनिक रेषा) सर्व दिशांना सरळ दूरवर गेलेल्या आहेत, अशी कल्पना करावी. आता त्याला एका नॅनोसेकंदापुरता हिसका दिला आणि नंतर तो मिळालेल्या वेगाने सावकाश सरळ जाऊ लागला. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे हिसक्यानंतर एका मायक्रोसेकंदाने या घडामोडीची खबर ३०० मीटरपर्यंत पोहोचलेली असेल. त्यापलीकडच्या बलरेषा अजूनही प्रभाराच्या जुन्या जागेचाच रोख धरून असतील, कारण तिथे अद्याप काहीच कळलेले नाही. अलीकडच्या रेषा मात्र प्रभाराच्या आत्ताच्या जागेतून निघालेल्या असतील. रिकाम्या जागेत बलरेषा मध्येच तुटू शकत नाही, त्यामुळे आतली आणि बाहेरची रेषा जोडणारा एक तिरका तुकडा मध्ये असलाच पाहिजे. हा तुकडा ज्यात मावतो ते ३० सेंटिमीटर जाडीचे गोलाकार कवच प्रकाशाच्या वेगाने फुगत जाते. ते कवच हीच लहर.

या तिरक्या तुकड्यात विद्युत क्षेत्राचा एक घटक प्रसाराच्या दिशेला काटकोनात असतो. हा घटक आणि नेहमीचा, त्रिज्येच्या दिशेचा घटक यांचे गुणोत्तर साध्या भूमितीने काढता येते: त्वरण गुणिले अंतर, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग (आणि हिसक्याच्या दिशेशी होणाऱ्या कोनाची ज्या, म्हणजे साइन, त्यात गुणायची). अंतर इथे अंशस्थानी आहे, हे सर्वांत महत्त्वाचे. त्रिज्येच्या दिशेचे क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, तर काटकोनातले क्षेत्र केवळ अंतराच्या व्यस्त प्रमाणात. ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि कवचाचे पृष्ठफळ अंतराच्या वर्गाने वाढते. त्यामुळे काटकोनातल्या क्षेत्राची एकूण ऊर्जा कवच कितीही फुगले तरी तेवढीच राहते. ती प्रभारापासून सुटलेली असते आणि परत येत नाही. पुढे प्रभाराचे काहीही झाले, तरी त्या कवचाला त्याचे देणेघेणे नसते.

हिसक्याच्या रेषेतच बसून पाहणाऱ्याला मात्र काहीच मिळत नाही, कारण त्या दिशेच्या बलरेषेला बाक येत नाही. अँटेनाच्या टोकाच्या दिशेने लहर का निघत नाही, याचे उत्तर इथेच आहे.

शंकासुर

लेख आवडला. मात्र एक जुनी शंका यानिमित्ताने विचारतो. सगळ्या आकृत्यांमध्ये विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र एकाच ठिकाणी शिखरावर आणि एकाच ठिकाणी शून्यावर दाखवलेले असते. क्षेत्रे एकमेकांना जन्म देत असतील, तर लंबकाच्या गतिज आणि स्थितिज ऊर्जेप्रमाणे एक शून्यावर असताना दुसरे भरात असायला हवे, नाही का? दोन्ही एकदमच शून्य झाली तर त्या क्षणी ऊर्जा जाते कुठे?

दोलक

शंका रास्त आहे आणि "एकमेकांना जन्म देतात" या शब्दयोजनेचा खरा तोटा तीच दाखवते. निर्वातात, उगमापासून दूर, दोन्ही क्षेत्रे समकलेतच असतात. आकृती बरोबर आहे. मॅक्सवेल यांची समीकरणे एका क्षेत्राच्या *काळानुसार* होणाऱ्या बदलाचा संबंध दुसऱ्या क्षेत्राच्या *जागेनुसार* होणाऱ्या बदलाशी जोडतात. ज्या ठिकाणी विद्युत क्षेत्र शून्य ओलांडत असते, तिथे ते जागेनुसार सर्वांत झपाट्याने बदलत असते; म्हणून त्याच ठिकाणी चुंबकीय क्षेत्र काळानुसार सर्वांत झपाट्याने बदलायला हवे, म्हणजे तेही शून्यच ओलांडत असायला हवे. लंबकाच्या उपमेत जागेचा हा भाग नसतो आणि तिथेच ती फसते.

ऊर्जेचे म्हणाल, तर ती नाहीशी होत नाही, पुढे गेलेली असते. लहरीतली ऊर्जा जागच्या जागी एका रूपातून दुसऱ्या रूपात जात नसून वाहत असते. एखाद्या बिंदूवर ती क्षणभर शून्य होते, तेव्हा पाव तरंगलांबी पुढे आणि पाव तरंगलांबी मागे ती कमाल असते.

स्थायी लहरींमध्ये मात्र तुम्ही म्हणता तसेच घडते. दोन आरशांच्या मध्ये अडकलेल्या लहरीत एक क्षेत्र भरात असताना दुसरे शून्यावर असते, कारण तिथे ऊर्जा निव्वळ पुढे जात नाही.

अँटेनावाला

पोटापाण्याचा विषय असल्याने थोडे सविस्तर लिहितो. कपॅसिटरचा प्रश्न धागाकर्त्यांनी उपस्थित केला आणि पुढे सोडून दिला, म्हणून आधी तो घेतो. कपॅसिटरच्या पट्ट्या एकमेकींच्या अगदी जवळ असतात आणि त्यांच्यावर विरुद्ध प्रभार असतो. एका पट्टीने पाठवलेली खबर आणि दुसरीने पाठवलेली उलटी खबर दूरच्या ठिकाणी जवळपास एकाच वेळी पोहोचतात आणि एकमेकींना खोडून काढतात. शिवाय प्रभाराला धावायला मिळणारी लांबी तरंगलांबीच्या मानाने नगण्य असते. त्याच पट्ट्या एकमेकींपासून दूर नेत तारेची दोन टोके करावीत, तारेची लांबी अर्ध्या तरंगलांबीइतकी करावी, की अर्धतरंग द्विध्रुव अँटेना तयार होतो. १०० मेगाहर्ट्झ वारंवारतेला तरंगलांबी ३ मीटर, म्हणून अशा अँटेनाची लांबी साधारण दीड मीटर.

आता या तारेत प्रत्यक्ष काय हलते ते पाहू. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर प्रवाह जात असेल, तर इलेक्ट्रॉनांचा सरासरी वाहण्याचा वेग सेकंदाला मिलिमीटरच्या चौदाव्या हिश्श्याइतका, म्हणजे सुमारे ०.०७ मिलिमीटर असतो. १०० मेगाहर्ट्झला हा प्रवाह सेकंदाला दहा कोटी वेळा मागेपुढे होतो, त्यामुळे दर दोलनात इलेक्ट्रॉन मध्यापासून जेमतेम १० चा उणे १३ वा घात इतके मीटर सरकतो. उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच्या काही मायक्रोमीटर थरातूनच वाहतो, म्हणून खरा आकडा काही दशक पटींनी मोठा असतो. तरीही तो अणूच्या व्यासाचा छोटासा अंशच राहतो. सबंध शहराला ऐकू जाणारे प्रसारण इलेक्ट्रॉनांच्या एवढ्याशा हालचालीवर चालते, यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

विश्वास बसण्यासाठी, त्वरण मिळालेला प्रभार किती शक्ती बाहेर सोडतो हे सांगणारे लार्मर यांचे १८९७ सालचे सूत्र वापरून हिशेब करावा. वरच्या आकड्यांनुसार एका इलेक्ट्रॉनाचे त्वरण चौरस सेकंदाला सुमारे ४६,००० मीटर येते आणि एकट्या इलेक्ट्रॉनाकडून बाहेर पडणारी शक्ती येते १० चा उणे ४४ वा घात इतके वॅट. दीड मीटर तारेत सुमारे १० चा २३ वा घात इतके मुक्त इलेक्ट्रॉन असतात. सरळ बेरीज केली, तर एकूण शक्ती १० चा उणे २१ वा घात वॅट भरेल, म्हणजे शून्यच. पण हे इलेक्ट्रॉन स्वैर हलत नाहीत, एका तालात हलतात. तालात हलणाऱ्यांची क्षेत्रे बेरजेला येतात आणि शक्ती क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे संख्येने नव्हे, संख्येच्या वर्गाने गुणावे लागते. तसे केले, आणि टोकांकडे प्रवाह कमी होत जातो व दोलनाची सरासरी घ्यावी लागते हे लक्षात घेतले, की काही दशक वॅट येतात. अर्धतरंग द्विध्रुवाचा प्रारण रोध (प्रारणाने, म्हणजे लहरींच्या रूपाने, किती शक्ती बाहेर जाते हे सांगणारा रोध) ७३ ओहम असतो आणि १ अँपिअर शिखरप्रवाहाला त्याप्रमाणे सुमारे ३६ वॅट येतात. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात.

तापलेल्या दिव्याच्या तारेत याच्या उलट परिस्थिती असते. तिथे एकेका प्रभाराला मिळणारे त्वरण प्रचंड असते, पण कोणाचा कोणाला मेळ नसतो, म्हणून तिथला हिशेब साध्या बेरजेचाच.

आणखी एक मुद्दा. अँटेनाच्या अगदी जवळ जी क्षेत्रे असतात, त्यांतली बरीच ऊर्जा दर दोलनात बाहेर जाते आणि परत तारेत येते. तिथे दोन्ही क्षेत्रे समकलेत नसतात. शंकासुर यांचा लंबक तिथे बऱ्यापैकी लागू पडतो. तरंगलांबी भागिले ६.२८ इतक्या अंतराच्या आसपास सुटून गेलेली लहर वरचढ होऊ लागते. १०० मेगाहर्ट्झला हे अंतर अर्धा मीटरही नाही. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याला मात्र तरंगलांबी ६,००० किलोमीटर आणि ही सीमा साडेनऊशे किलोमीटरवर. त्यामुळे विजेच्या तारांपाशी आपल्याला जे जाणवते ते निकटक्षेत्र असते. त्याला लोक सर्रास प्रारण म्हणतात, ते मला खटकते.

शंकासुर

उत्तरांबद्दल दोघांचे आभार. पुढची शंका: ध्वनीला हवा लागते. इथे पोकळीत काहीच नाही, तर हलते काय?

नोंदवही

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या सर्वच मोठ्या भौतिकशास्त्रज्ञांना पडला होता, त्यामुळे इतिहासाच्या बाजूने उत्तर देतो. स्वतः मॅक्सवेल यांचा ईथर नावाच्या माध्यमावर विश्वास होता. त्यांनी केलेला हिशेब मात्र माध्यमावर अवलंबून राहिला नाही. १८५६ मध्ये वेबर आणि कोलराउश यांनी निव्वळ विद्युत आणि चुंबकीय मोजमापांवरून एक गुणोत्तर काढले होते, ज्याचे मूल्य वेगाच्या रूपात सेकंदाला ३,१०,७४० किलोमीटर येत होते. त्या प्रयोगात कपॅसिटर होता, गॅल्व्हनोमीटर होता. प्रकाशाचा कुठे संबंधही नव्हता. मॅक्सवेल यांनी आपल्या समीकरणांतून लहरीचा वेग काढला तेव्हा तो नेमका या गुणोत्तराइतका आला आणि फिझो यांनी मोजलेल्या प्रकाशवेगाच्या, म्हणजे त्यांनी वापरलेल्या ३,१४,८५८ या आकड्याच्या, अगदी जवळ पडला. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे हा निष्कर्ष या जुळणीतून निघाला. १८६५ मध्ये तो सविस्तर प्रसिद्ध झाला, तोवर प्रयोगशाळेत अशी लहर कोणी जाणूनबुजून निर्माण केलेली नव्हती.

ती १८८७-८८ मध्ये हाइनरिश हर्ट्झ यांनी कार्ल्सरूह येथे केली. एका बाजूला ठिणगी पाडणारी दोन गोलकांमधली फट, दुसऱ्या बाजूला सूक्ष्म फट ठेवलेले तारेचे कडे. पहिल्या फटीत ठिणगी पडली की अंधाऱ्या खोलीत त्या कड्याच्या फटीतही अत्यंत बारीक ठिणगी दिसे. एवढ्यावर ते थांबले नाहीत. समोरच्या भिंतीवर जस्ताचा पत्रा लावून त्यांनी लहर परावर्तित केली आणि कडे पुढेमागे नेत ठिणगी कुठे तेजस्वी होते, कुठे नाहीशी होते हे टिपले. लागोपाठच्या दोन शून्यस्थानांतले अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. पुढे डांबराच्या मोठ्या लोलकातून त्यांनी याच लहरी वळवून दाखवल्या आणि समांतर तारांच्या जाळीने त्यांचे ध्रुवीकरणही दाखवले. प्रकाशाचे सगळे गुण तिथे हजर होते. १८९४ मध्ये वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्याच काळात जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात तरंगलांबी थेट काही मिलिमीटरवर आणली.

ईथरचे काय झाले, तर १८८७ मध्येच मायकेलसन आणि मॉर्ली यांनी पृथ्वीच्या ईथरमधल्या गतीचा माग काढण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना काहीच सापडले नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी त्याची गरजच काढून टाकली.

दोलक

नोंदवही यांच्या प्रतिसादाला एवढीच पुस्ती जोडतो. "हलते काय" याचे सरळ उत्तर असे, की कोणताही पदार्थ हलत नाही. प्रत्येक बिंदूपाशी विद्युत क्षेत्राचे मूल्य बदलते, बस्स. तिथे परीक्षणासाठी एक प्रभार ठेवला तर त्याच्यावर बल लागेल, न ठेवला तरीही क्षेत्र असतेच, आणि ते ऊर्जा व संवेग दोन्ही वाहून नेते. पृथ्वीच्या अंतरावर सूर्यप्रकाशाची शक्ती चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट असते; तिला लागणारे विद्युत क्षेत्र मीटरला हजार व्होल्टच्या शिखराचे, तर चुंबकीय क्षेत्र जेमतेम साडेतीन मायक्रोटेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्राच्या सात ते वीस पटींनी कमी. हाच प्रकाश पूर्णपणे शोषणाऱ्या पृष्ठभागावर चौरस मीटरला न्यूटनच्या सुमारे साडेचार दशलक्षांशाइतका दाबही देतो. २०१० मध्ये जपानच्या इकारोस या यानाने अशा दाबावर चालणारे शीड अवकाशात उघडून दाखवले. ज्याला धक्का देता येतो, ते केवळ गणिती सोय आहे असे म्हणता येणार नाही.

समीकरण

धाग्याचा एकूण रोख मला थोडा एकांगी वाटतो. प्रभाराविना असलेल्या, पूर्ण रिकाम्या अवकाशातही मॅक्सवेल यांच्या समीकरणांना लहरींची उत्तरे आहेत. आणि ती उत्तरे मिळतात, ती मॅक्सवेल यांनी घातलेल्या विस्थापन प्रवाहाच्या पदामुळे, म्हणजेच बदलत्या विद्युत क्षेत्रामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते या विधानामुळे. ते पद काढून टाका, मग प्रभाराला कितीही हिसके द्या, लहर निघणार नाही. तेव्हा ज्या वाक्यावर धागाकर्त्यांनी टीका केली, ते सिद्धांताचे हृदय आहे. शिवाय हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा, म्हणजे त्या अणूकडून येणारी २१ सेंटिमीटर तरंगलांबीची लहर घ्या. तिथे इलेक्ट्रॉनाची फिरक (स्पिन) प्रोटॉनच्या फिरकीच्या मानाने उलटते, इतकेच. कोणत्या प्रभाराला तिथे कोणता हिसका बसला?

दोलक

विस्थापन प्रवाहाचे महत्त्व नाकारण्याचा हेतू नाही. लहर *कशी पुढे जाते* हे त्या पदाशिवाय सांगताच येत नाही. पण *कोठून आली* या प्रश्नाला ते पद उत्तर देत नाही. कोणत्याही ठिकाणची दोन्ही क्षेत्रे पूर्वीच्या क्षणांतल्या प्रभारांवरून आणि प्रवाहांवरून थेट लिहिता येतात. त्या मांडणीत चुंबकीय क्षेत्र हे विद्युत क्षेत्राचे अपत्य नसते, दोन्ही एकाच उगमाची असतात. समकला का असते, हे या बाजूने पाहिले की जास्त सहज पटते. म्हणून मी या मांडणीला झुकते माप देतो.

२१ सेंटिमीटरचे उदाहरण मात्र चांगले काढलेत. अभिजात भौतिकीच्या भाषेत बदलते चुंबकीय आघूर्ण (कणाच्या सूक्ष्म चुंबकाचे बळ आणि दिशा) म्हणजे बदलता प्रवाहच, आणि असे आघूर्ण फार दुबळे प्रारण करते. ते किती दुबळे, हे आकड्यातच दिसते: एकट्या पडलेल्या हायड्रोजन अणूला हे संक्रमण आपसूक व्हायला सरासरी सुमारे १ कोटी १० लाख वर्षे लागतात, तर त्याच अणूतला नेहमीचा, विद्युत द्विध्रुवाच्या वाटेने होणारा पहिल्या उत्तेजित पातळीवरून खाली येण्याचा प्रकार १.६ नॅनोसेकंदात उरकतो. आकाशगंगेत हायड्रोजन अमाप आहे म्हणूनच १९५१ मध्ये ही रेषा पकडता आली. अणूच्या आत मात्र हिसक्याचे चित्र अक्षरशः घेऊ नये; तिथे दोन पातळ्यांमधले संक्रमण आणि त्यातून निघणारा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक ऊर्जाकण, हीच योग्य भाषा. क्ष-किरणनलिकेत दोन्ही चित्रे शेजारी शेजारी सापडतात. टंगस्टनवर आदळून अचानक मंदावणारे इलेक्ट्रॉन अखंड वर्णपट देतात, आणि त्यावर टंगस्टन अणूच्या पातळ्यांमुळे आलेल्या ठळक रेषा उठून दिसतात.

निरभ्र

फोटॉनचा विषय निघालाच आहे, तर प्रवासाच्या टोकाचे एक उदाहरण देतो. व्हॉयेजर १ हे यान सध्या इतके दूर आहे, की त्याचा संदेश यायला २२ तासांहून अधिक लागतात. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती वीस-बावीस वॅटच्या घरातली, वारंवारता सुमारे ८.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. ३.७ मीटर व्यासाच्या तबकडीमुळे त्याचा झोत अर्ध्या अंशाएवढा अरुंद राहतो, तरीही इथे पोहोचेपर्यंत तो पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे दीडपट रुंद पसरलेला असतो. ढोबळ हिशेब केला, तर ७० मीटर व्यासाच्या अँटेनाला सेकंदाला लाखभराच्या घरात फोटॉन मिळतात. एका किलोवॅटचे १०० मेगाहर्ट्झ प्रसारण केंद्र सेकंदाला १० चा २८ वा घात इतके फोटॉन सोडते, हे लक्षात घेतले की फरक कळतो. लहर दुबळी होते म्हणजे फोटॉन दुबळे होतात असे नव्हे. ते विरळ होतात.

"पोकळी" या शब्दाबाबतही सावध असावे. ताऱ्यांमधल्या अवकाशात अत्यंत विरळ, पण मुक्त इलेक्ट्रॉन असतात आणि ते कमी वारंवारतेच्या लहरींना जास्त रेंगाळायला लावतात. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना पहिला स्पंदक (पल्सार, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ ठोके पाठवणारा तारा) सापडला. अशा स्पंदकाचा प्रत्येक ठोका उच्च वारंवारतेवर आधी आणि कमी वारंवारतेवर नंतर येतो, आणि या उशिरावरून वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन आहेत हे काढता येते. ते साधारण कसे पसरलेले आहेत हे ठाऊक असेल, तर स्पंदकाचे अंतरही निघते. गॅमा किरणांवर मात्र असा परिणाम जवळजवळ होत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांच्या प्रवासानंतर अवघ्या १.७ सेकंदांच्या फरकाने पोहोचले.

शंकासुर

शेवटचा प्रश्न, मग मी थांबतो. वर्तुळाकार कड्यातून स्थिर प्रवाह वाहत असेल, तर त्यातला प्रत्येक इलेक्ट्रॉन सतत वळत असतो, म्हणजे त्याला त्वरण आहे. मग ते कडे लहर सोडत का नाही? पहिल्या लेखातले विधान इथे अडचणीत येत नाही का?

अँटेनावाला

उत्तर पुन्हा तालात आहे, फक्त या वेळी उलट्या बाजूने. कड्यात इलेक्ट्रॉन सर्वत्र सारखे पसरलेले असतात. एक इलेक्ट्रॉन पुढे सरकला की त्याची जागा लगेच मागचा घेतो, त्यामुळे बाहेरून पाहता काहीच बदलत नाही. प्रत्येकाचे प्रारण क्षेत्र असते, पण कड्यावरच्या वेगवेगळ्या जागांवरून येणारी ही क्षेत्रे वेगवेगळ्या कलेत येऊन एकमेकांना खोडतात आणि उरते ते केवळ स्थिर चुंबकीय क्षेत्र.

दोलक

अगदी बरोबर. आणि हे खोडणे जिथे मोडते, तिथे लहर निघतेच. वर्तुळाकार त्वरकांमध्ये इलेक्ट्रॉन अखंड प्रवाहासारखे नसून गठ्ठ्यांनी, जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरतात. तिथे निघणारे सिंक्रोट्रॉन प्रारण १९४७ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत प्रथम डोळ्यांनी दिसले. आज त्याचा उपयोग क्ष-किरणांचा प्रखर स्रोत म्हणून होतो. समजा, गठ्ठा काही मिलिमीटर लांब आहे. क्ष-किरणांची तरंगलांबी त्यामानाने इतकी लहान, की गठ्ठ्यातल्या इलेक्ट्रॉनांचा त्या मापावर काहीच मेळ नसतो, म्हणून शक्ती इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या प्रमाणात मिळते. गठ्ठ्याहून लांब तरंगलांबीसाठी मात्र सगळा गठ्ठा एकाच मोठ्या प्रभारासारखा वागतो आणि शक्ती संख्येच्या वर्गाने वाढते. एकाच कड्यात, त्याच इलेक्ट्रॉनांकडून, दोन्ही हिशेब एकाच वेळी चालू असतात. कोणता लागू करायचा, हे आपण कोणती तरंगलांबी मोजतो आहोत यावर ठरते.